खांदा आखडला? साखर तपासा, धीर धरा, हात हलता ठेवा

केस विंचरायला हात डोक्यापर्यंत जात नाही. ब्लाउजची बाही चढवताना कळ येते. पदर पाठीमागून पुढे घेता येत नाही. माळ्यावरचा डबा काढायला मुलाला हाक मारावी लागते, आणि रात्री त्या कुशीवर वळले की झोप उडते ती उडतेच. आपल्या वस्त्यांमध्ये या दुखण्याला ‘वात धरला’, ‘नस चढली’, ‘खांदा जाम झाला’ असे म्हणतात. दवाखान्यात याचे नाव ‘फ्रोझन शोल्डर’, म्हणजे आखडलेला खांदा.

खराडीत हे दुखणे नुसते दुखणे राहत नाही. इऑन आयटी पार्कच्या इमारतींत साफसफाई करणाऱ्या, सोसायट्यांमध्ये धुणीभांडी आणि स्वयंपाक करणाऱ्या आपल्या ताया-माया हातावर पोट असलेल्या. काच पुसायची तर हात वर न्यावा लागतो, पोछा मारायचा तर खांदा फिरावा लागतो, नगर रोडच्या भरलेल्या बसमध्ये वरची दांडी धरावी लागते. खांदा अडला की खाडे होतात, खाडे झाले की मजुरी जाते, आणि दोन-तीन महिन्यांत कामही दुसरीला मिळते. रंगकाम करणारे, रिक्षा चालवणारे भाऊही यातून सुटत नाहीत.

म्हणून या दुखण्याची तीन गोष्टींत ओळख करून घेऊ. पहिली, हा आजार बहुतेकांचा बरा होतो, पण वेळ घेतो. दुसरी, तो कोणत्या टप्प्यात आहे त्याप्रमाणे वागावे लागते. तिसरी, त्याच्यामागे मधुमेह लपलेला असू शकतो, म्हणून साखर तपासायचीच.

आत नेमके काय होते?

खांद्याचा सांधा म्हणजे एका उथळ वाटीत बसलेला गोळा. त्या दोघांना धरून ठेवणारे एक मऊ, सैल आवरण असते. बगलेच्या बाजूला त्याला घडी असते. हात वर नेला की ती घडी उलगडते. फ्रोझन शोल्डरमध्ये या आवरणाला सूज येते, मग ते जाड होते आणि आकसते. धुतल्यावर आटलेला झंपर आठवा. बगलेत तंग झाला की कितीही ओढा, हात वर जात नाही. इथे आटलेले कापड शरीराच्या आत आहे, एवढाच फरक.

‘फ्रोझन शोल्डर’ हे नाव अमेरिकेतल्या बोस्टनचे शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन यांनी १९३४ साली दिले. हा आजार बहुधा ४० ते ६० या वयात होतो आणि पुरुषांपेक्षा बायकांत जास्त दिसतो. अनेकदा काहीच कारण सापडत नाही. कधी हाताला मार लागून तो बरेच दिवस गळ्यात बांधलेला असतो, कधी अर्धांगवायूनंतर किंवा स्तनाच्या शस्त्रक्रियेनंतर हात हलवलेला नसतो. थायरॉइडचा त्रास असणाऱ्यांत आणि मधुमेह असणाऱ्यांत तो जास्त होतो.

घरच्या घरी ओळख

भिंतीला पाठ लावून उभे राहा. दोन्ही कोपरे बरगड्यांना टेकवून काटकोनात वाकवा. आता कोपरे न हलवता दोन्ही पंजे बाहेरच्या बाजूला फिरवा, दोन फळ्यांचे दार उघडल्यासारखे. एक हात सहज बाहेर गेला आणि दुसरा मध्येच अडला, तर शंका घ्यायला जागा आहे. फ्रोझन शोल्डरमध्ये हे बाहेर फिरणे सर्वांत आधी जाते.

मग घरातल्या कुणाला तरी तो हात हळूच वर उचलायला सांगा. आपल्याला स्वतःहून उचलता येत नाही, पण दुसऱ्याने उचलला की वर जातो, तर दोष बहुतेक स्नायूत किंवा त्याच्या दोरीत असतो. दुसऱ्याने उचलूनही हात तिथेच अडत असेल, तर आवरण आकसले असण्याची शक्यता जास्त. ही चाचणी फक्त अंदाजासाठी. नक्की काय ते डॉक्टरांनीच हात फिरवून सांगायचे. एक्स-रे काढला तर तो या आजारात बहुधा चांगलाच येतो. दुसरे काही नाही ना हे पाहण्यासाठी तो काढतात. महागड्या एमआरआयची गरज बहुतेकांना पडत नाही.

खांद्याचा आणि साखरेचा संबंध

मधुमेह असलेल्या माणसाला हा त्रास होण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे पाचपट असते. रक्तातली साखर सतत वाढलेली राहिली की ती सांध्याच्या आवरणातल्या तंतूंना चिकटते आणि ते कडक होतात. कितीतरी जणांना साखर आहे हे माहीतच नसते; खांदा घेऊन दवाखान्यात जातात आणि तिथे साखर सापडते. म्हणून खांदा आखडला की साखर तपासणे हा उपचाराचाच भाग समजा.

‘मी तर काटकी, मला कशाला साखर?’ असे आपल्याकडे सर्रास ऐकू येते. याचे उत्तर पुण्यातच मिळाले आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर माता आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. इथल्या बाळांचे जन्माचे सरासरी वजन २.७ किलो होते आणि इंग्लंडमधल्या साउदम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. आपली बाळे लहान आणि बारीक, पण वजनाच्या मानाने त्यांच्या अंगात चरबी जास्त. म्हणजे दिसायला सडपातळ असलेल्या माणसालाही मधुमेहाचा धोका असतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे.

तपासणी साधी आहे. उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून जास्त, किंवा तीन महिन्यांची सरासरी सांगणारी ‘एचबीए१सी’ तपासणी ६.५ किंवा त्याहून जास्त आली, तर मधुमेह समजतात. एकदा जास्त आली तर डॉक्टर ती पुन्हा तपासून खात्री करतात. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाची साखर आणि बीपी सरकारी आरोग्य केंद्रात तपासण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. महापालिकेच्या जवळच्या दवाखान्यात किंवा आशाताईंकडे चौकशी करा.

साखर निघाली तर लपवू नका. बाबासाहेबांना मधुमेह होता. माईसाहेब स्वतः डॉक्टर होत्या आणि त्यांचे पथ्य, औषधे त्या सांभाळत. त्या आजारपणातच त्यांनी ‘द बुद्धा अँड हिज धम्म’ लिहून पूर्ण केला. आजार सांगण्यात कमीपणा नाही, आणि औषध घेत राहिले की काम थांबत नाही.

तीन टप्पे: ज्या टप्प्यात आहात तसे वागा

पहिला टप्पा दुखण्याचा. हा साधारण दोन ते नऊ महिने चालतो. दिवसा ठणक, रात्री जास्त. हात हळूहळू अडत जातो. या काळात हाताला ओढाताण करायची नाही. काम दुखणे कमी करण्याचे. डॉक्टरांनी सांगितलेली गोळी घ्यावी, शेकावे, हलके झोके द्यावेत. याच टप्प्यात सांध्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन दिले तर अनेकांना चांगला आराम पडतो. इंजेक्शनचे नाव ऐकून घाबरू नका, पण मधुमेह असेल तर आधी सांगा. इंजेक्शननंतर काही दिवस साखर वाढते, तेव्हा ती तपासत राहावी लागते.

दुसरा टप्पा आखडण्याचा. चार ते बारा महिने. दुखणे कमी होते, पण हात अडलेलाच राहतो. पुष्कळ जण इथे चुकतात. ‘आता दुखत नाही, राहू दे’ म्हणून व्यायाम सोडतात. खरे तर ताणाच्या व्यायामाचा काळ हाच.

तिसरा टप्पा सुटण्याचा. हात आठवड्यागणिक थोडा-थोडा मोकळा होतो. याला काही महिने लागतात, काहींना दोन वर्षेही. या टप्प्यात ताकद परत मिळवायची असते, कारण न वापरल्याने दंडाचे आणि खांद्याचे स्नायू बारीक झालेले असतात.

सगळे मिळून एक ते तीन वर्षे. ऐकून धीर सुटतो हे खरे. पण बहुतेक जणांचा हात रोजच्या कामाला पुरेल इतका परत येतो. काहींना थोडी अडचण राहते. मधुमेह असणाऱ्यांना जास्त वेळ लागतो. काही जणांना पुढे दुसऱ्या खांद्यालाही असेच होते. तेव्हा घाबरू नका, आता काय करायचे हे तुम्हाला ठाऊक असेल.

दहा बाय दहाच्या खोलीत होणारे व्यायाम

मशीन नको, जिम नको. पहिल्यांदा फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्या, मग घरी रोज दोन-तीन वेळा करा. आधी दहा मिनिटे गरम पाण्याच्या पिशवीने शेका. मधुमेहात कातडीची जाणीव कमी झालेली असू शकते, म्हणून पिशवी टॉवेलात गुंडाळूनच ठेवा.

झोका: चांगला हात ओट्यावर टेकवून कमरेत वाका. दुखरा हात सैल लोंबू द्या. अंग थोडे हलवून हाताला पुढे-मागे, आडवे आणि गोल झोके द्या, प्रत्येकी दहा. हा व्यायाम कॉडमन यांच्याच नावाने ओळखला जातो आणि पहिल्या टप्प्यातही चालतो.

झोपून हात वर: पाठीवर झोपा. चांगल्या हाताने दुखऱ्या हाताचे मनगट धरून तो डोक्याकडे न्या. अडेल तिथे थोडे थांबा आणि हळू खाली आणा. दहा वेळा.

भिंतीवर बोटे चालवणे: भिंतीसमोर उभे राहून बोटांनी वर चढत जा. पोहोचाल तिथे पेन्सिलीने रेघ मारा आणि तारीख लिहा. दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यात ही रेघ महिन्या-महिन्याने वर जाताना दिसते. एरवी रोजच्या दिवसात फरक कळत नाही, रेघेवरून कळतो.

झाडूच्या दांड्याने: दोन्ही कोपरे बरगडीला लावून दांडा आडवा धरा. चांगल्या हाताने दांडा ढकलून दुखरा हात बाहेरच्या बाजूला न्या. दहा वेळा.

टॉवेलने: टॉवेल पाठीमागे धरा, चांगला हात वर आणि दुखरा हात कमरेशी. वरच्या हाताने हळू ओढा. हा व्यायाम दुसऱ्या टप्प्यापासूनच.

किती दुखले तर चालेल? ताण जाणवावा, थोडे दुखावे, आणि थांबल्यावर अर्ध्या तासात शमावे. रात्रभर ठणकत राहिले तर दुसऱ्या दिवशी निम्मे करा. बंद मात्र करू नका. आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय हात गळ्यात बांधून ठेवू नका; न हलवलेला खांदा अजून आखडतो.

झोपताना पाठीवर किंवा चांगल्या कुशीवर झोपा आणि दुखऱ्या हाताखाली उशी किंवा घडी केलेली चादर ठेवा. कपडे घालताना दुखरा हात आधी बाहीत घाला. काढताना तो शेवटी काढा.

घरातल्यांनी काय करायचे

रोज लागणारे डबे माळ्यावरून खाली कमरेच्या उंचीवर आणा. कपडे वाळत घालायची दोरी खाली बांधा. पाण्याचा हंडा, गॅसची टाकी, ओले जड कपडे पिळणे ही कामे दीड-दोन वर्षे तिच्याकडे नकोत. घरातल्या पुरुषांनी आणि मुलांनी ती वाटून घ्यावीत. आईचा हात अडलेला असताना तिनेच सगळ्यांच्या चपात्या लाटायच्या आणि मग रात्री ती कण्हली की ‘झोपू दे’ म्हणायचे, हे समतेच्या गोष्टी सांगणाऱ्या घराला शोभत नाही. केस विंचरायला लेकीने मदत केली तर पाच मिनिटे जातात, पण माऊलीचा दिवस हलका होतो.

कामावर आपला हक्क

आयटी पार्कमध्ये किंवा मॉलमध्ये कंत्राटदारामार्फत काम करत असाल, तर आपली पगाराची पावती नीट पाहा. महिना २१ हजार रुपयांपर्यंत पगार असलेल्या आणि कायदा लागू असलेल्या ठिकाणच्या कामगारांच्या पगारातून ईएसआयसाठी ०.७५ टक्के कपात होते. ती होत असेल तर आपल्याला आणि आपल्या कुटुंबाला ईएसआयच्या दवाखान्यात उपचार मिळतात. पुण्यात त्यांचे रुग्णालय बिबवेवाडीला आहे. शिवाय ईएसआयच्या डॉक्टरांनी आजारपणाचा दाखला दिला तर वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळू शकते. त्यासाठी ठरलेल्या सहा महिन्यांत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. कपात होते पण कार्ड मिळाले नाही, असे असेल तर आपला विमा क्रमांक कंत्राटदाराकडून मागून घ्या. तो आपल्या पैशाचा आहे.

घरकाम करणाऱ्या तायांना हे कवच नाही. त्यांनी मालकिणीशी स्पष्ट बोलावे: लांब दांड्याचा पोछा द्या, पंखे आणि उंचावरच्या काचा काही महिने दुसऱ्याकडून करून घ्या. दोघी-तिघींनी मिळून कामे अदलाबदल केली तरी खूप फरक पडतो. एकीने भांडी, दुसरीने जाळे-जळमटे. काम पूर्ण सोडण्यापेक्षा काम बदलून घेणे बरे.

ईएसआय नसेल तर पुणे स्टेशनजवळचे ससून सर्वोपचार रुग्णालय आहेच. तिथे अस्थिरोग आणि फिजिओथेरपी हे दोन्ही विभाग आहेत. रोज जाणे परवडत नसेल तर व्यायाम शिकून घ्या आणि डॉक्टर सांगतील तेव्हा दाखवायला जा.

पैसे कुठे वाया जातात

हात झटकून ‘कट्’ आवाज काढून देणारे, गरम सळईने डाग देणारे, नस बसवतो म्हणून रगडणारे, यांच्याकडे जाऊ नका. आखडलेल्या आवरणावर अचानक जोर लावला तर आवरण फाटू शकते, हाड ठिसूळ असेल तर मोडूही शकते. मंतरलेला दोरा किंवा अंगारा याने आवरण सैल होत नाही. ‘वाताची पुडी’ म्हणून नाव-लेबल नसलेली औषधे मिळतात. त्यांत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते. दोन दिवस बरे वाटते आणि साखर, बीपी वाढून बसतात. मेडिकलमधून आपल्या मनाने महिनोन्महिने दुखण्याच्या गोळ्या घेतल्या तर पोटाला आणि मूत्रपिंडाला इजा होते. मधुमेहींना हा धोका अधिक.

ऑपरेशनसाठी कर्ज काढण्याचीही घाई नको. इंग्लंडमधील आणि ब्रिटनच्या इतर भागांतील ३५ रुग्णालयांत ५०३ रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२० साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. एका गटाला इंजेक्शन आणि फिजिओथेरपी, दुसऱ्याला भूल देऊन खांदा मोकळा करणे, तिसऱ्याला दुर्बिणीतून शस्त्रक्रिया. वर्षभराने पाहिले तर तिन्ही गटांत सुधारणा होती आणि कोणताही एक उपाय बाकीच्यांपेक्षा ठळकपणे सरस ठरला नाही. काही महिने नीट व्यायाम आणि इंजेक्शन करूनही हात अजिबात सुटला नाही, तरच शस्त्रक्रियेचा विचार करायचा, तोही दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेऊन.

हे दिसले तर थांबू नका

खांद्यासोबत छातीत दाब, घाम, धाप किंवा जबड्यात कळ आली तर ते हृदयाचे असू शकते. लगेच १०८ ला फोन करा. पडल्यानंतर खांदा बेडौल दिसला, सांधा लाल आणि गरम होऊन ताप आला, हाताला मुंग्या येऊन पकड ढिली झाली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. संध्याकाळचा ताप आणि घटते वजन असेल तर टीबीची तपासणी करून घ्या. सांध्यालाही टीबी होतो.

विहारात करता येईल असे

रविवारी वंदनेनंतर महिला मंडळाने पंधरा मिनिटे काढून झोका आणि भिंतीचे व्यायाम एकत्र करावेत. एकटीला कंटाळा येतो, दहा जणी असल्या की येत नाही. १४ एप्रिलच्या जयंतीच्या कार्यक्रमात डीजेच्या खर्चातून थोडे पैसे बाजूला काढून साखर आणि बीपी तपासणीचे शिबिर ठेवता येईल. त्यात खांदा दुखणाऱ्यांची वेगळी यादी करा, कारण त्यांच्यापैकी कुणाला तरी साखर असेल आणि ती अजून माहीत नसेल.

आणि ज्या ताईचा खांदा आज अडला आहे तिने आजच भिंतीवर पहिली रेघ मारावी, शेजारी तारीख लिहावी. सहा महिन्यांनी त्याच भिंतीसमोर उभे राहून पाहावे.